धुरा

टेकडीवरचा ट्रान्समीटर बंद केला तेव्हा
खोलीत दोघंच होतो,
मी आणि चौकीदार उकंडराव आत्राम.
वरून आलेल्या कागदावर वेळ होती : रात्री बारा.
मी बारा वाजून चार मिनिटांनी बटण दाबलं.
त्या चार मिनिटांचा हिशेब कुठेच नाही.
टीव्हीसमोर झोपी गेलेल्या कोणाच्या तरी पोटऱ्यांवर
निळा उजेड तेवढा जास्त पडला असेल.

सकाळी एकही फोन आला नाही.
तेच लागलं.

एके काळी मॅचमध्ये मुंग्या आल्या
की अर्धं गाव काठ्या घेऊन टेकडी चढायचं.
उकंडराव फाटकाला आतून कुलूप घालायचा, म्हणायचा,
‘साहेब यवतमाळले गेले’,
आणि साहेब टेबलाखाली बसून फ्यूज बदलायचे.
आता घरोघरच्या स्लॅबवर छत्र्या,
पाऊस नाही, ऊन नाही, तरी उघडलेल्या.

पुसदहून मुनाफभाई भंगारवाले आले.
तांबं किलोवर, लोखंड क्विंटलवर,
केबल दाताखाली धरून पाहिली त्यांनी, सोनारासारखी.
पंचेचाळीस नंबरचं चॅनेल तेवढं काट्यावर बसेना.
ते दिल्लीत विकायचं होतं.

‘हवा इकतेत म्हन्ता साहेब,
मंग सातबारा कोनाच्या नावानं?’

मी काडी घेतली, धुळीत पट्टा आखला :
इथून सहाशे बासष्ट, इथवर सहाशे सत्तर.
हे आपलं वावर. हे शेजाऱ्याचं.
आणि मधे ही चिंचोळी जागा सोडायची,
इकडचा आवाज तिकडच्याला घासू नये म्हणून.
उकंडराव उकिडवा बसून बघत राहिला.
‘म्हंजे धुरा.’

धुराच.
तीस वर्षं मी त्याला इंग्रजीतून ओळखत होतो.
जिथे बैल वळतात, तरोटा माजतो,
तितरं अंडी घालतात, निंदणाऱ्या बाया डबे ठेवतात,
जो दोघांचाही असतो
आणि दरसाल कोणीतरी एक तास कोरून चोरतो,
मग तहसीलच्या पायऱ्यांवर
दोन पिढ्यांच्या चपला झिजतात.

‘धुराबी इकला काय?’

नियमांचं बाड मी वाचलं होतं.
त्यात धुऱ्यालाही भाव होता.
यंत्रं आता हुशार झालीत, जागा कमी लागते,
वगैरे.
मी काडी टाकून दिली, म्हटलं, चहा टाक.

पहिल्या बोलीत हात कोणीच वर केला नाही.
दिग्रसच्या बाजारात न खपलेलं गोऱ्हं
संध्याकाळी मालकामागे परत येतं,
तसं पंचेचाळीस नंबर परत यायला हवं होतं.
पण यावं कुठे?
खुंटा आम्हीच उपटून वजनावर दिला होता.
पुढच्या फेरीत भाव पाडून गेलं.
कोणी घेतलं ते पेपरात होतं.
त्याच पेपरावर आम्ही मिरचीचे भजे खाल्ले,
कंपनीच्या नावावर तेल पसरत गेलं.

टॉवरच्या चार पायांचं सिमेंट अजून आहे.
त्यावर उकंडराव मोहफुलं वाळत घालतो.

माझ्याकडे गोल बटणाचा जुना सेट आहे.
बायको त्यावर लोणच्याची बरणी ठेवते.
रात्री बरणी उतरवून
मी पंचेचाळीसवर जातो.
वर्ष-दीड वर्ष तिथे नुसत्या मुंग्या होत्या,
मोकाट, पडीक वावरात फिरणाऱ्या.
गेल्या महिन्यापासून त्या दाट झाल्यात,
रांगेत चालल्यासारख्या,
मधूनच एकदम थबकतात, परत चालू लागतात.

कोणीतरी पेरलंय तिथं.

सांगावं म्हणून उकंडरावला फोन लावला.
संपर्कक्षेत्राच्या बाहेर.
टेकडीवर असेल,
मोहफुलं झाकत.