नंतर वाचू

दोन हजार तीनशे अकरा.
एवढ्या पानांच्या लिंका नऊ वर्षांत
'नंतर वाचू' नावाच्या फोल्डरात टाकत गेले,
नि नंतर काही आलं नाही.

आज कंपनीचा सर्व्हर दुपारपर्यंत बंद.
स्लॅबवर चढले, टाकीच्या सावलीत बसले.
साकोलीकडे तोंड केलं की इथे
रेंजच्या दोन काड्या येतात,
तिसरी तिच्या मनावर.

पहिली काढली: मेमरी कुठे गळते ते शोधायचे बारा उपाय.
एकही केला नाही. गळत राहिली, मशीनच बदललं.
दुसरी: मुलाखतीत हमखास येणारे शंभर प्रश्न.
मला विचारलं होतं, लग्न झाल्यावर नोकरी करणार का.
ते त्या शंभरात नव्हतं.

पुढच्या तिन्ही एकाच चुकीबद्दल,
रात्री अडीचच्या सुमारास जतन केलेल्या.
कुणा एकाला फार पूर्वी अगदी हीच चूक आली होती.
त्याने सगळं नीट मांडलं होतं, ओळीच्या नंबरासकट,
आणि शेवटी एवढंच: 'जमलं. धन्यवाद.'
कसं जमलं रे बाबा?
पुसली. परत आणली. पुसली.

एका लायब्ररीच्या दारावर पाटी होती,
की हे लिहिणारा आता बेकरी चालवतो,
कृपया दुरुस्तीची अपेक्षा ठेवू नये.
'जोडाक्षरं का फुटतात' ही ठेवली.
अजून फुटतात.

खाली पारबताकाकी मोहाखालचा पाला जाळून आली,
टोपली उलटी करून तिच्यावरच बसली.
का करून रायली वो, एवढ्या उनात?
म्हटलं, तुझंच काम. पाला साफ करते.
तिने मान वर करून बराच वेळ पाहिलं.
पाला कुठचा, म्हणाली, बोटंच तं हालून रायली.

मग मी उपमा सोडली आणि भराभर पुसत सुटले.
चारशे चार, चारशे चार, सापडत नाही,
वाकडमधली भाड्याची खोली, जी मी घेतली नाही,
टाइमझोनचा तक्ता,
'हे महत्त्वाचं!!' असं मीच नाव दिलेलं काहीतरी,
उघडलं तर कोरं.

तळाशी माझीच एक निघाली.
कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी ढिवर सोसायटीसाठी केलेली,
बुधरामदादाच्या सांगण्यावरून:
तलावावरचा आजचा मासळीचा भाव.
निळ्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात उड्या मारणारा मासा.
मेली असेल म्हणून दाबली.
उघडली.

वर आजची तारीख. वार बुधवार.
खाली मरळ, शिंगूर, दाडक, रोहू,
प्रत्येकासमोर रुपयाची खूण
आणि रिकामी जागा.

तारीख मीच शिकवली होती तिला स्वतःहून बदलायला.
दोन ओळींचं काम, तेव्हा फार मिरवलं होतं.
क्षणभर वाटलं, ही रोज रात्री बाराला उठून
नवी तारीख मांडून वाट बघत असणार.
तसं नसतं, मला माहीत आहे.
कुणी उघडलं तरच ती तारीख काढते.
नाही उघडलं, तर तिथे काहीच नसतं,
बुधवारसुद्धा नाही.

दादाला फोन लावला.
मरळ कशी आहे आज?
चारशे. पायजे का?
नाही, लिहायची होती.
कुठं?
सांगितलं. पलीकडे नुसता पंपाचा आवाज.
ते अजून हाये? म्हणाला.
मग म्हणाला, थांब जराशी,
शिंगुराचं विचारून सांगतो.

पासवर्ड तिसऱ्यांदा बरोबर पडला,
तलावाचं नाव नि माझं जन्मसाल.
मरळ, चारशे.

लाइट गेली आहे. बॅटरी अकरा टक्के.
फोल्डरात अजून तीनशे बेचाळीस.
शिंगुरासाठी थांबले आहे.