हवेचा हिशेब

शटर वर करायच्या आधीच ती उभी.
सायकलीला मागेपुढे गाठोडी, दांड्याला पातेलं.
म्हणाली, काका, हवा.
मी कंप्रेसरचं बटण चाचपलं, तर हात आडवा.
"विजेची नको.
नाना पेठेतून निघून नाना पेठेत यायचंय,
जगाला वळसा घालून,
सगळं माणसाच्या जोरावर. समुद्रसुद्धा वल्ह्यांनी.
आणि हवा तेवढी विजेची, हे बरं दिसत नाही."

मनाशी म्हटलं, सकाळी सकाळी भेटली.
पण माळ्यावरून अब्बांचा पंप काढला,
वॉशर वाळून कडक, त्याला खोबरेल चोळलं.
पुढच्याला चाळीस दाब, मागच्याला साठ.
काटा कुठला? अंगठ्यानं दाबून पाहिलं.
ती म्हणाली बस,
मी वर आणखी सहा मारले.

सुट्टे नव्हते तिच्याकडे.
पाटी माझ्याच हातची : उधारीचा विषय काढू नये.
नाव सांगितलं शर्वाणी किराड,
वहीत मी लिहिलं, पातेलंवाली, दोन रुपये.

मग चार वर्षं
कुणाच्या मडगार्डखाली वाकलेला असताना
मध्येच डोक्यात यायचं,
आता कुठे असेल ती हवा?
मी कात्रजचा बोगदा ओलांडला तो लग्नाच्या वरातीत,
पण माझ्या दंडातली हवा
वाळवंटातून चाललीय,
उंट मान वळवून बघतायत तिच्याकडे.
बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधताना
समुद्रही जरा बघून घ्यायचो.

परवा आली.
रापलेली, पुढचा एक दात नाही,
सायकल अर्ध्याहून जास्त दुसरीच.
मी पहिलं तेच विचारलं.
ती हसतच सुटली.
"मोशी, काका. चाकणसुद्धा नाही.
मोशीला काच लागली पुढच्याला.
मागचं मंचरला बसलं."

मोशी!
मोशीला माझी मेहुणी राहते.

"पण भरताना दर वेळी मोजायचे," ती म्हणाली,
"चाळीस, साठ, आणि वरचे सहा.
बोटीत हात चालेनासे झाले
तेव्हाही ते वरचे सहा मारले, पाण्यात."

तळवा पुढे केला तिनं.
अंगठ्याच्या मुळाशी वल्ह्याचा घट्टा.
माझा पंपाचा तिथंच आहे.
मी दाखवला नाही, हात तेलकट होते.

तिनं दोन रुपयांचं नाणं फळीवर ठेवलं.
मी पाटीकडे बोट केलं,
आता चाकाला पाच झालेत.

खिसे चाचपले तिनं, गाठोडीही सोडली.
कुठल्या कुठल्या देशांची नाणी निघाली.
सुट्टे नव्हतेच.