आखणी

फक्कीनं आखल्यावर घर एवढंसं दिसलं.
स्वयंपाकघरात हात पसरून उभी राहिले
तर वाटलं, बोटं दोन्हीकडे शेजारच्या खोल्यांत गेली.
सावंतवाडीच्या इंजिनिअरनं दहा बाय बारा लिहिलं होतं
आणि क्वार्टरमध्ये, रात्रपाळीहून आल्यावर,
त्या कागदावर ओटा, कपाट, शिवणयंत्र
मी पेन्सिलीनं कितीदा मांडून, कितीदा खोडून पाहिलेलं.

इनास गवंडी खुंटीला दोरी गुंडाळत हसला.
"जमिनीर सगळ्यांचीच घरां ल्हान दिसतत, सिस्टर.
भिंती चढल्यो काय मोठा दिसतला."

सव्वीस वर्षं सरकारी भिंतीत
खिळा ठोकतानाही मी अर्ज केला होता.

यल्लप्पानं पहिली कुदळ मारली ती ईशान्येला,
नारळ फोडून, खोबऱ्याचा तुकडा गालात धरून.
वर काळपट माती, काजूच्या मुळ्या,
एक गंजलेली बिजागरी – कुणाच्या दाराची कोण जाणे –
मग जांभा.
पहार ठणकली की त्याच्या खांद्यापर्यंत पोचायची
आणि तो थांबून खांद्याकडे बघायचा,
कुणी हाक मारल्यासारखा.
शिवव्वा घमेली वर देत होती.
संध्याकाळी तिच्या केसांत, भुवयांत, दंडावरच्या गोंदणात
माझ्या घराची तांबडी धूळ.

खाडीच्या बाजूला मात्र जांभा लागलाच नाही.
साडेतीन फुटांवर करडी वाळू
आणि कालवांच्या शिंपल्या, पसाभर, मग पाटीभर,
पंगत उठून गेल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी पुनव.
साडेनवाला चरात नुसती ओल.
साडेदहाला घोटाभर.
बाराला यल्लप्पाच्या पोटरीला लागलं
तसा तो काठावर येऊन बसला, विडी शोधत.
इनासनं वाकून बोट बुडवलं, चाखलं, थुंकला.
"मचूळ. भरती असा ही.
सांजेक आपसूक जातली."
आणि गेली.
चराच्या भिंतीवर एक ओली रेघ ठेवून,
आणि तळाला एक कुर्ली,
ती थापीवर घेऊन इनासनं माडाखाली सोडली
आणि म्हणाला, आठ दिवस थांबूया.
अष्टमीला भांग. पाणी मागं असेल
तेव्हा तळात काळा दगड बसवू, जांभा नको.
काळा दगड म्हणजे कणकवलीहून दोन डंपर.
मी मनात फंडातले पैसे मोजले.
मग पुन्हा मोजले.

तोवर उगवतीकडचे चर.

दुपारी शिवव्वाचा बसू झोपायचा
स्वयंपाकघराच्या चरात.
तीन वर्षांचा. आपलं फडकं आपण ओढत न्यायचा,
कडेवरून ढुंगणानं घसरत उतरायचा,
गाल जांभ्याला लावायचा.
"तितं गार हाय अक्का," शिवव्वा म्हणाली,
ओशाळून, जणू विचारायला हवं होतं.
त्यांच्या ताडपत्रीखाली बारा वाजता
पितळ तापवल्यासारखं ऊन.

एकदा सगळे गेल्यावर मी घरात गेले.
उडी मारून गेले, चरावरून,
आणि मधोमध उभी राहिल्यावर लक्षात आलं
की मी भिंतीतून आलेय.
कुणी बघत नव्हतं.
तरी परत बाहेर आले,
जिथं दार होणार तिथं फळी टाकली,
चपला काढल्या,
आणि पुन्हा गेले.

गुरुवारी स्वयंपाकघराचा चर भरला.
खडी, सिमेंट, वर धुमस.
दुपारी बसू फडकं घेऊन आला.
चर नव्हता.
तो रडला बिडला नाही.
ओल्या काँक्रीटकडे जरा वेळ बघितलं,
मग एकेका चरात डोकावत
निजायच्या खोलीच्या चरापाशी गेला
आणि तिथं उतरला.

इनास वही काढून बेरीज करत होता.
"ह्यो उद्या भरूया."
मी म्हटलं, परवा.