मजेंटा कोण संपवतं

गाळा दहा बाय बाराचा, खैरानी रोडला, पत्र्याच्या जिन्याखाली,
आणि मशीन एकच, तिघांत.
सकाळ इस्माईल काझींची, दोन ते आठ वाघचौरेची,
आठनंतर माझी.
हप्त्याचे तीन तुकडे झाले तसे वेळेचेही झाले,
पण शाईचं काय?
शाई घड्याळ बघून संपत नाही.

वहीला सुतळीनं बांधलेलं पेन.
लिहायचं: नाव, किती फूट, सुरू, बंद.
शेवटच्या रकान्याला मथळा नाही, त्यात भांडण.
'मजेंटा कोण संपवतं?'
वाघचौरेचं अक्षर, खाली दोन रेघा, दुसरीनं कागद फाटलाय.
त्याखाली काझींनी उर्दूत काहीतरी लिहिलंय.
मी लिहिलं: वाढदिवस.

खरंच. वाढदिवसच पितात मजेंटा.
गाल, टिळा, फेटा, हार,
शुभेच्छुकांच्या बत्तीस डोक्यांमागचं गुलाबी आभाळ.
श्रद्धांजलीला काळी लागते, तीही बेताची.
माणूस बहुतेक पांढऱ्यातच जातो,
आणि पांढरं फुकट.
ते छापायचं नसतं, सोडायचं असतं.

रात्री हेड इकडून तिकडे जातं,
लादी पुसणाऱ्या बाईसारखं,
एक पट्टा ओला करायचा आणि मागं सरकायचं.
वीस फुटी माणूस येतो तो कपाळाकडून,
तोही अर्धा, कारण रोल पाच फुटीच:
एक भुवई, एक कान, नाकाचं एक भोक.
मिशी येईतो डोळा गुंडाळला गेलेला असतो.
हनुवटीशी ओळख पटायला लागते
तर मशीनसमोर भिंत.
अकरा वर्षांत मी एक माणूस अख्खा पाहिलेला नाही.

छोट्या कामांत कडेला नऊ इंच उरतात.
ते कुणाच्याच हिशेबात नाहीत.
त्यात मी इडलीवाल्या मुरुगनचे भाव छापले,
शेजारच्या बॅगवाल्याच्या पोरीला
उंची मोजायची पट्टी, शंभर ते एकशे सत्तर,
मध्ये एक जिराफ.
जिराफाला मजेंटा लागत नाही, मी आधीच बघून घेतलं.

परवा मेट्रोतून येताना, असल्फाच्या जरा पुढं,
तो समोर आला.
इमारतीच्या कडेवर, माझ्या खिडकीच्या उंचीवर,
जोडलेला.
डावा गाल गुलाबी, नुकतं जेवून उठल्यासारखा.
उजवा निळसर, रात्रभर पाण्यात राहिलेला.
मधून नाकावरून सरळ खाली जोड,
फेट्यापासून 'हार्दिक'च्या र्दिपर्यंत.
डब्यात कुणी वर पाहिलं नाही.
ज्याचा वाढदिवस होता त्यानंही पाहिलं नसावं,
पैसे पूर्ण आले.

उजवा माझा.
त्या रात्री काडतूस तळाला आलं होतं,
दिवा लुकलुकत होता,
आणि मी म्हटलं, निघेल एवढं.
म्हटलं, नवीन लावलं तर उद्या तोच वापरेल.

वहीत लिहिलं: असल्फा, उजवा गाल माझा. शाई मीच ओढून वापरली.
लिहिताना सुतळी पुरेना, वहीच पेनाकडे ओढावी लागली.

दुसऱ्या रात्री मशीनवर नवं काडतूस, सील न फोडलेलं,
त्यावर वाघचौरेचं बिल, रबर लावून,
आणि वहीत:
डावा माझा. चांगला आलाय ना?

त्यावर काय लिहायचं ते सुचेना.
मी काझींना फोन लावला, दहा वाजता,
की तुम्ही त्या दिवशी उर्दूत काय लिहिलंत,
मजेंटाच्या खाली.
ते झोपेत होते. बराच वेळ आठवत राहिले.
मग म्हणाले, काही नाही हो,
पेन चालतंय का बघत होतो.