दहा लक्ष नऊ

हर्णैच्या बर्फ कारखान्यात लाईट गेली
तेव्हा मीटर दहा लक्ष नऊवर होता.

नजमा होडेकरने आकडा रजिस्टरात चढवला,
मग डिझेलच्या पावतीमागे, मेणबत्तीशी,
त्याला भाग लावत बसली.
दोनने नाही. तीनने नाही. सातने तीन उरले.
दरवेळी काहीतरी उरायचंच,
तांडेलांच्या उधारीसारखं.

एकसष्ट मूळ संख्या हरल्या.
बाहेर भरती बैलगाड्यांच्या आसापर्यंत चढली,
आत लाद्या हळूहळू पाझरू लागल्या.
असेल मूळच, म्हणून तिने पेन ठेवलं.

मग नुसत्या मनात लाद्या मांडल्या:
हजार बाय हजारचा एक चौरस,
उरल्या नवांचा चिमुकला, तीन बाय तीन.
मोडून पुन्हा मांडल्या, कितीदा तरी, पहाटेपर्यंत:
नऊशे बहात्तरचा एक, दोनशे पस्तीसचा एक.
लादी कमी नाही, लादी जास्त नाही.

दोन तऱ्हांनी बसतो तो आकडा
कुठेतरी फुटतोच,
सावंत मास्तर फळा पुसता पुसता म्हणालेले.

बासष्टावी. दोनशे त्र्याण्णव.
तीन हजार चारशे तेरा वेळा.
बाकी शून्य.
तिने शून्याभोवती आणखी एक गोल काढला.

लाईट आली. कॉम्प्रेसर खोकला.
मीटर सरकला: दहा लक्ष दहा.
हं, हा काय,
हा तर दारातला पोरगाही फोडेल.