तिसरी डबी

पहाटे साडेतीनला सुकती लागते,
म्हणजे बांधाबांध आत्ताच.

ओट्यावर वर्तमानपत्र. त्यावर
तंगूसाची दोन रिळं, शिशाचे गोळे, गंजकी पक्कड,
गोबऱ्यासाठी मोठ्या गऱ्या, काळुंद्रासाठी बारक्या,
आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला कॅमेरा.
गेल्या पावसाळ्यात त्याच्या भिंगात
बुरशीचं एक झाड उगवलं.
काढलेल्या प्रत्येक आभाळात ते येतं. येऊ दे.

पास्कूचं मत ठरलेलं:
"एक कायतरी घे रे.
गरवतलस तर हात व्हयो, फोटो काढतलस तर डोळो.
होडी दोघांक पुरता, तिघांक नाय."

गऱ्या मी फिल्मच्या जुन्या डब्यांत ठेवतो.
काळी डबी, करडं झाकण, पाणी शिरत नाही.
एक हलवली, खळखळली.
दुसरी खळखळली.
तिसरी बोलेना.

आत रोल.
न धुतलेला. जीभ पुरती आत ओढलेली,
म्हणजे छत्तीसही काढून झालेले.
कधी?
कर्लीच्या खाडीत तेव्हा चिपीची झाडं विरळ होती,
वल्ह्यावर अण्णा असायचे
आणि फोटो म्हटलं की तोंड फिरवायचे.
तेच असतील कदाचित, पाठमोरे, छत्तीस वेळा.
किंवा नुसतं पाणी.

धुवायचा तरी कुठे? कुडाळातला स्टुडिओ
आता मोबाईलची कव्हरं विकतो.

झाकण दाबून बसवलं.
सुंगटांच्या पिशवीपासून लांब,
भाकऱ्यांच्या फडक्यात ती डबी ठेवली.

पास्कूला सांगणार नाही.
तिघांना पुरत नाही म्हणतो ना होडी.