सरकत्या खिडकीचं वजन

मनामात, जुन्या धक्क्यापासून सात मिनिटांवर
(मध्ये समुद्र बुजवला, म्हणून सात.
पूर्वी पायरी उतरली की घोटे ओले)
एक इंग्रजी घर आहे. दगड इथल्याच प्रवाळाचा,
पण हट्टानं इंग्रजी :
समोर पाच खिडक्या, मधोमध दार, दारावर काचेचा अर्धा सूर्य,
आणि दिवाणखान्यात, हसू नका, शेकोटी.

वेदरॉल नावाच्या कुणा कंपनीवाल्यानं बांधलं.
मग विम्याचं ऑफिस, मग दातांचा दवाखाना,
मग बालवाडी; कठड्याला अजून जाळी आहे.
आता कॉफी मिळणार.
शेकोटीत वाय-फायचा डबा बसेल.

मी मापं घेते. फीत, पेन्सिल, लेझरचा लाल ठिपका.
छताला खारफुटीचे वासे, गलबतातून आलेले,
वासा जेवढा लांब तेवढीच रुंद खोली.
साहेबानं हॉल मागितला असणार.
झाडानं बोळ दिला.

वरच्या मजल्यावर परकार मिस्त्री चौकट उकलतात.
"बाय, हे काय हो निघालं?"
सरकत्या खिडकीच्या पोटात, दोरीच्या टोकाला
लोखंडी वजन हवं.
इथे दगड. सोललेल्या नारळाएवढा,
भोक पाडलेला, भोकाची कड झिजून मऊ.

मालकीणबाई बुथैना फोन बंद करून आल्या.
हात लावला नाही.
हा पाणबुड्याचा, म्हणाल्या. दोरीत पाय अडकवायचा,
नाक चिमटायचं, आणि हा न्यायचा खाली.
मोत्यांचा बाजार बसला तेव्हा विकले असतील, मिळेल त्या भावानं.
किती खाली? मी विचारलं.
त्यांनी छताकडे बोट केलं, मग गच्चीकडे,
मग म्हणाल्या, आजोबा फार मोठ्यानं बोलायचे,
आम्हाला वाटे रागावलेत.
कान गेले होते.

तक्त्यात रकाने : लांबी, रुंदी, खोली.
तिसऱ्यापाशी पेन्सिल थांबली.
शेवटी लिहिलं, "वजन : दगड, दोन. जागेवर ठेवावेत."

एसीवाला दुपारी येणार, काचा सिलिकॉननं कायमच्या बंद.
मिस्त्रींनी तरी नवी सुती दोरी ओवली,
गाठ दातांनी आवळली.
आत्ता कुठे साडेअकरा, म्हणाले,
आणि तळहातानं पल्ला वर ढकलला.

भिंतीच्या आत दगड उतरत गेला, आम्ही ऐकला.
खिडकी वर.
ऊन, बसचा ब्रेक, तंदूरच्या रोटीचा वास,
आणि समुद्र नव्हता तिथे.